टायर पॉलिश टिकत नाही? निवडण्यापासून वाळवण्यापर्यंतचा बरोबर क्रम

टायर पॉलिशच्या तक्रारी ठरलेल्या असतात. रविवारी लावलं आणि बुधवारपर्यंत टायर तपकिरी पडले. मागच्या दारावर काळे शिंतोडे उडाले. टायर चिकट झाला आणि रस्त्यावरची सगळी धूळ तिथेच येऊन बसली. पाऊस पडला की पांढरट ओघळ आले. दोष बाटलीला दिला जातो, पुढच्या वेळी जास्त महागडी बाटली येते, आणि तीही तशीच लावली जाते: अर्धवट धुतलेल्या, ओलसर टायरवर, भरपूर, आणि लगेच गाडी बाहेर.

ठाण्यात आणि नवी मुंबईत याची शिक्षा लवकर मिळते. खाडीकाठची हवा दमट, त्यामुळे टायर वाटतो तेवढा लवकर वाळत नाही. घोडबंदर रोडला टॉवरांच्या आणि मेट्रोच्या बांधकामाची धूळ, तर तुर्भे-कळंबोलीकडे अवजड वाहनांची. त्यात सोसायटीत नळी लावून गाडी धुवायला बहुतेक ठिकाणी मनाई. म्हणून खालची पद्धत बादली आणि हातपंपाच्या स्प्रेवर चालेल अशीच लिहिली आहे. चार टायरना दीड ते दोन तास धरा, शिवाय रात्रभराची विश्रांती. ज्या दिवशी संध्याकाळनंतर गाडी काढायची नाही तोच दिवस निवडा.

टप्पा १: आधी टायरची तब्येत बघा

पॉलिशखाली बारीक भेगा दिसेनाशा होतात, म्हणून तपासणी पहिली. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूवर, फुगवटा आहे का, रिमजवळ किंवा अक्षरांच्या कडेला भेगांचं जाळं आहे का, ते बोट फिरवून बघा. साइडवॉलवरच्या ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. बाहेरच्या बाजूला आकडे नसतील तर ते टायरच्या आतल्या बाजूला असतात. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली असेल, म्हणजे नक्षीच्या खाचांमधल्या उंचवट्यांना रबर टेकलं असेल, तर पॉलिशचे पैसे नव्या टायरसाठी ठेवा.

आठवडाभर गाडी पार्किंगमध्ये आणि मालक लोकलमध्ये, अशी ज्यांची घरं आहेत त्यांनी भेगा जास्त बारकाईने बघाव्यात. रबरात ओझोनपासून संरक्षण करणारी रसायनं आणि मेण मिसळलेलं असतं. टायर फिरताना, वाकताना ते पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या गाडीत ते कमी येतं, म्हणून फारशी न चाललेली गाडीही टायरच्या बाबतीत म्हातारी होऊ शकते.

सावध: फुगवटा किंवा खोल भेग दिसली तर इथेच थांबा आणि टायरवाल्याला दाखवा.

टप्पा २: बाटली निवडणं

दुकानात डझनभर नावं दिसतील, पण आतला माल मुख्यतः तीन प्रकारचा असतो.

पहिला पाण्यात मिसळलेला. दुधासारखा पांढरा, वास सौम्य. यात सिलिकॉन किंवा पॉलिमर पाण्यात फेटलेलं असतं. पाणी उडून गेलं की पातळ थर उरतो. एका हातात, म्हणजे एकदा लावल्यावर, चकाकी मध्यम येते, दुसऱ्या हाताने वाढते. बोटाला चिकट लागत नाही आणि रबराला सौम्य. साधारण आठवडा-दोन आठवडे टिकतो.

दुसरा सॉल्व्हेंटवर आधारित. पारदर्शक, थोडा घट्ट, पेट्रोलजन्य उग्र वासाचा. ओल्या टायरसारखी झगझगीत चकाकी याचीच असते आणि पाण्यालाही हा जास्त दाद देत नाही. पण तो लवकर वाळत नाही, जास्त झाला तर उडतो, आणि ज्वलनशील असतो. टायर बनवणाऱ्या कंपन्या पेट्रोलजन्य रसायनं रबरावर वारंवार लावू नका असंच सांगतात, कारण ती रबरातली संरक्षक द्रव्यं हळूहळू काढून घेऊ शकतात.

तिसरा कोटिंगचा प्रकार, अ‍ॅक्रिलिक किंवा तत्सम पॉलिमरचा. हा वाळून कडक थर बनतो, त्यामुळे उडत नाही आणि महिनाभर किंवा जास्त तग धरतो. मात्र टायर शंभर टक्के स्वच्छ नसेल तर तो पापुद्र्यासारखा सुटतो आणि मग काढायला जीव जातो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा नीट शिकायचं असेल तर पाण्यातलं घट्ट जेल किंवा क्रीम घ्या आणि दोन हात द्या. पुरेशी चकाकी मिळते आणि चूक झाली तर साबणाने निघते. गाडी उघड्यावर उभी राहते आणि चकाकी जास्तच हवी असेल तर सॉल्व्हेंटचं जेल, पण अगदी पातळ. कोटिंग तेव्हाच घ्या, जेव्हा खालचा पाचवा आणि सहावा टप्पा तुम्हाला कंटाळा न करता जमू लागेल.

स्प्रेचे आणि फेसाचे कॅन सोयीचे वाटतात: फवारा, सोडून द्या, झालं. पण निम्मा माल रिमवर, ब्रेकच्या आसपास आणि जमिनीवर जातो. स्प्रेच घरात असेल तर तो टायरवर न मारता स्पंजावर मारून घ्या.

आता घरगुती आणि वॉचमनच्या सल्ल्याचे प्रकार. डिझेल आणि जळकं इंजिन ऑइल तासभर सुंदर दिसतं, पण तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. या दोन्हींना टायरजवळही आणू नका. ग्लिसरीन-पाणी निरुपद्रवी, पण पाण्यात विरघळतं, म्हणजे पहिल्या सरीत गेलं. खोबरेल तेल धूळ ओढतं. बुटाचं पॉलिश बुटाला.

टप्पा ३: सामान

मध्यम कडक नायलॉनचा ब्रश, रिमसाठी वेगळा मऊ ब्रश, दोन बादल्या, हातपंपाचा स्प्रे, एपीसी म्हणजे सर्वकामी क्लीनर, दोन जुने टॉवेल, दोन मायक्रोफायबर कापड, लावायला स्पंजाचा पॅड, अक्षरांच्या खाचांसाठी एक इंची रंगाचा ब्रश, नायट्राइलचे हातमोजे. तारेचा ब्रश नको, भांड्यांची तारेची घासणी तर नकोच.

टायरसाठी वापरलेलं कापड पुन्हा गाडीच्या रंगावर फिरवायचं नाही. कोपऱ्याला काळी गाठ मारून ठेवा, म्हणजे गाडी पुसायला येणाऱ्या दादालाही कळेल.

टप्पा ४: जागा आणि वेळ

सावली हवी आणि टायर थंड हवा. ऑफिसातून पाम बीच रोडने आलात आणि लगेच बादली काढलीत, असं नको. गरम रबरावर क्लीनर घासायच्या आधीच वाळतो आणि डाग सोडतो. तापलेल्या ब्रेक डिस्कवर थंड पाणी मारणंही चांगलं नाही. अर्धा-पाऊण तास गाडी उभी राहू द्या.

स्टिल्ट पार्किंग किंवा पोडियमची सावलीची बाजू उत्तम. बेसमेंटमध्ये हवा कोंडलेली असते, तिथे सॉल्व्हेंटचं जेल किंवा एरोसोल कॅन वापरू नका. वाफ साचते, डोकं जड होतं आणि ठिणगीचा धोका असतो.

क्रम पक्का लक्षात ठेवा: चाकं आणि टायर आधी धुवायचे, मग गाडीची बॉडी, आणि पॉलिश सगळ्यात शेवटी. बॉडी आधी धुतली तर चाकांची घाण तिच्यावर उडते. पॉलिश लावून मग बॉडी धुतली तर शाम्पूचं पाणी ताज्या थरावरून ओघळतं. हा उलटा क्रम रोज दहा सोसायट्यांत दिसतो.

टप्पा ५: धुणं, म्हणजे खरं काम

पॉलिश रबराला धरतं. रबर आणि पॉलिश यांच्यामध्ये जुन्या पॉलिशचा तेलकट थर, धूळ आणि तपकिरी ऑक्सिडेशन असेल तर ते त्या घाणीला धरतं आणि घाणीबरोबरच जातं. तपकिरी रंग हा फक्त चिखल नसतो. वर म्हटलेली ओझोनविरोधी रसायनं पृष्ठभागावर येऊन हवेत तपकिरी होतात. हे टायर आपलं काम करत असल्याचं लक्षण आहे, बिघाडाचं नाही. पण नुसत्या पाण्याने ते निघत नाही, हेही तितकंच खरं.

एका वेळी एकच चाक घ्या. आधी साध्या पाण्याने माती भिजवून सोडवा, चाकाच्या वरच्या कमानीत आतल्या बाजूलाही पाणी मारा. तिथला गाळ तसाच राहिला तर नंतर ओघळून ताज्या पॉलिशवर येतो. मग रिम, मऊ ब्रशने, गाडीच्या शाम्पूने. अलॉय उजळवायला टॉयलेट क्लीनर वापरणारे आहेत. त्यात आम्ल असतं, अलॉयचा लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, त्याने कायमचा पांढुरका पडतो.

त्यानंतर टायर. एपीसीचं मिश्रण टायरसाठी साधारण एक भाग क्लीनर, चार भाग पाणी असं असतं, पण शेवटचा शब्द लेबलचा. साइडवॉल ओली होईल एवढं फवारा, अर्धा-एक मिनिट थांबा, वाळू देऊ नका. मग ब्रशने घासा. आधी गोलाकार, मग अक्षरांवर आडवं-उभं, शेवटी रिमला लागून असलेल्या खाचेत ब्रशचं टोक घालून.

फेस कॉफीच्या रंगाचा येईल. धुवून टाका, पुन्हा फवारा, पुन्हा घासा. दुसऱ्यांदा तो फिका येतो. बऱ्याच दिवसांत न धुतलेल्या टायरला तीन-चार फेऱ्या लागतात. अगदी नव्या टायरवर साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश असू शकतो. टायर नवाकोरा दिसतो म्हणून घासणं टाळू नका.

एपीसी नसेल तर भांड्यांचं लिक्विड पाण्यात घालून चालेल, फक्त फेऱ्या वाढतील आणि ते बॉडीवर उडू देऊ नका. कपड्यांची पावडर नको, खाचांत तिचा पांढरा अंश राहतो.

घोडबंदर पट्ट्यातल्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. काँक्रीट मिक्सरमधून सांडलेल्या पातळ सिमेंटवरून गाडी गेली की टायरवर राखाडी पापुद्रे वाळून बसतात. ते साबणाने निघत नाहीत आणि चाकूने खरवडायचा मोह होतो. ओलं फडकं त्यावर दहा मिनिटं दाबून ठेवा, मग प्लॅस्टिकच्या कार्डाने हळूच उचला. उरलेल्या डागावर पाण्यात मिसळलेलं पांढरं व्हिनेगर फक्त रबरापुरतं लावा, ब्रशने घासा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. ते रिमवर रेंगाळू द्यायचं नाही.

तपासा: फेस पांढरा आला का? ओला पांढरा टिश्यू साइडवॉलवर दाबून ओढा. तपकिरी किंवा चिकट काळं लागलं तर अजून एक फेरी. हलकासा राखाडी माग चालेल.

टप्पा ६: वाळवणं

चुकांची खाण हाच टप्पा. वरून टायर सुका दिसतो, पण अक्षरांच्या कडा, रेघांची नक्षी आणि रिमजवळची खाच पाणी धरून बसते. पॉलिश त्या पाण्यावर तरंगतं, ओघळतं, आणि दुसऱ्या दिवशी तिथे पांढरे किंवा कोरडे पट्टे दिसतात.

जुन्या टॉवेलने दाबून पुसा, बोट टॉवेलात गुंडाळून खाचेतून फिरवा. घरात साफसफाईचा छोटा ब्लोअर असेल तर सोनं. रिमच्या नटांमधून आणि कमानीतून थेंब गळतच असतात, त्यांना वेळ द्या. उन्हाळ्यात वीस मिनिटं पुरतात. जून ते सप्टेंबर निदान तासभर, आणि तेही ब्लोअर असेल तर. याच वेळात बॉडी धुवून पुसून घ्या, वाट बघणं जाणवत नाही.

पाणी झटकायला सोसायटीच्या आतच एक चक्कर मारता येते. गेटबाहेर गेलात तर धूळ घेऊन परत याल.

तपासा: कोरडा टिश्यू रिमजवळच्या खाचेत फिरवा. ओला निघाला तर तुम्ही घाई करताय.

टप्पा ७: पहिला हात

हातमोजे घाला. माल नेहमी पॅडवर घ्यायचा, टायरवर ओतायचा नाही. १८५/६५ आर १५ सारख्या नेहमीच्या मापाच्या टायरला चहाचा चमचा-दीड चमचा पुरतो. पॅड पहिल्यांदा थोडा शोषून घेतो, तेवढं वगळा.

घड्याळाच्या बारापासून सुरू करा, रिमकडून बाहेर, तुकड्या-तुकड्याने पुढे सरका. पॅड दाबून रबरात मुरवायचं, नुसतं फासायचं नाही. अक्षरांच्या खाचांत रंगाच्या ब्रशने. जमिनीला टेकलेला भाग राहतोच. चारही चाकांना हात झाला की गाडी अर्धा फेरा पुढे घ्या आणि ते तुकडे भरा. पार्किंगमध्ये तेवढी जागा नसेल तर मागे घ्या, पण सोडू नका. रस्त्यावर चार टायरांना एकेक फिका तुकडा घेऊन फिरणाऱ्या गाड्या बघा, मग कळेल मी काय म्हणतोय.

साइडवॉलचा खांदा जिथे नक्षीकडे वळतो, त्याच्या बोटभर अलीकडे थांबा.

सावध: जमिनीला लागणाऱ्या नक्षीवर पॉलिश कधीही नाही. पहिल्या पावसात गायमुखच्या घाटात ब्रेक दाबताना त्याचा अर्थ कळतो. ब्रेक डिस्कवर उडालं तर ब्रेक क्लीनरने पुसून काढा आणि गाडी हलवल्यावर आधी पार्किंगमध्येच सावकाश ब्रेक तपासा. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल, स्टिअरिंग आणि पायदान यांना हा माल लावू नये.

सावध: स्कूटर-मोटरसायकलच्या टायरला अजिबात लावू नका, बाजूलाही नाही. वळताना टू-व्हीलर कलते आणि टायरची कड रस्त्याला लागते. हे ऐकून ‘थोडंसंच लावतो’ म्हणणाऱ्यांनाही उत्तर तेच.

टप्पा ८: जास्तीचं पुसा, मग दुसरा हात

पहिला हात दहा ते पंधरा मिनिटं बसू द्या. मग कोरड्या मायक्रोफायबरने हलक्या हाताने एकदा फिरवा. कापडाला ओलसर माल लागला, तर तोच माल उद्या दारावर उडणार होता. हे पुसणं नव्वद टक्के लोक गाळतात, कारण ‘लावलेलं पुसायचं कशाला?’ असं वाटतं. रबराने घ्यायचं ते घेतलेलं असतं, वरचं फक्त धूळ पकडायच्या कामाचं.

एवढ्यावर मंद, काळाभोर, नव्या टायरसारखा रंग मिळतो. मला स्वतःला इथेच थांबायला आवडतं. चकाकी हवी असेल तर दुसरा हात, पहिल्यापेक्षाही पातळ, आणि पुन्हा दहा मिनिटांनी पुसणं. चकाकी वाढवायचा हाच रस्ता आहे. एकच जाड हात दिला तर वरून साय धरते, आत ओलं राहतं. तिसऱ्या हाताने काही वाढत नाही.

कोटिंग लावत असाल तर लेबलवर सांगितलेला दोन हातांमधला वेळ काटेकोर पाळा, आणि लेबल पुसायला सांगत नसेल तर पुसू नका. तिथे नियम वेगळा आहे.

टप्पा ९: गाडी हलवू नका

पाण्यातल्या मालाला कमीत कमी अर्धा-एक तास, सॉल्व्हेंटला चार-पाच तास, कोटिंगला लेबल म्हणेल तेवढं, पुष्कळदा रात्रभर. दमट दिवसांत सगळ्यालाच रात्र द्या.

तपासा: सकाळी हातमोजा न घालता बोट टायरवर दाबून ओढा. बोट काळं-ओलं झालं तर पुन्हा एकदा पुसा. कोरडं निघालं तर निघा.

तरीही मागच्या पॅनलवर बारीक काळे ठिपके दिसले तर नखाने किंवा कोरड्या फडक्याने घासू नका, धूळ रंगावर घासली जाते. गाडीचा शाम्पू लावलेल्या ओल्या कापडाने त्याच दिवशी निघतात. आठवडाभर उन्हात राहिले तर चिकटून बसतात, मग टार रिमूव्हर, म्हणजे डांबराचे डाग काढायचं द्रव, लागतं.

टप्पा १०: पुढचे आठवडे

थर टिकवायचा तर रोज येणाऱ्या दादांना एवढंच सांगा: ‘दादा, टायरला काही लावू नका, फक्त साध्या पाण्याने धूळ काढा.’ त्यांच्याकडच्या बाटलीत काय आहे हे त्यांनाही नेहमी ठाऊक नसतं, आणि तो थर तुमच्या थरावर बसला की पुढच्या वेळी घासायच्या फेऱ्या वाढतात. सर्व्हिस सेंटरला गाडी देताना हीच सूचना जॉब कार्डवर लिहून घ्या. तिथे सर्व्हिसनंतर टायर चमकवून देण्याची पद्धत असते.

रंग फिका पडला की तसाच वरून एक हात मारून चालतो का? पाण्यातल्या मालावर एकदा चालतो, टायर नीट धुवून आणि वाळवून. दुसऱ्यांदा मात्र पाचव्या टप्प्यापासून सगळं पुन्हा. सॉल्व्हेंटच्या थरावर थर देऊ नका, तो तपकिरी चिकटा तयार होतो. कोटिंग विरळ झालं तर आधीचं पूर्ण काढूनच नवं.

जुलै-ऑगस्टमध्ये गाडी रोज बाहेर जात असेल तर पाण्यातल्या मालाकडून पाच-सहा दिवसांहून जास्त अपेक्षा ठेवू नका. त्या दोन महिन्यांत मी फक्त टायर घासून स्वच्छ ठेवतो आणि पॉलिश गणपतीच्या आदल्या शनिवारी काढतो. पावसाळ्याआधी, मेच्या शेवटी, कोटिंग लावायला हवामान चांगलं असतं. ऊन आहे, सर नाही, आणि टायर खरोखर वाळतो.

वापरलेला पॅड झाकणाच्या डबीत ठेवा, उघडा ठेवला तर धूळ धरतो आणि पुढच्या वेळी तीच धूळ टायरवर चोळली जाते. सॉल्व्हेंट लागलेली कापडं चुरगाळून डिकीत कोंबू नका. मोकळ्या हवेत पसरून वाळवा आणि मग टाका. बाटली उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवण्यापेक्षा घरात, सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. पाण्यातला माल काही महिन्यांनी थरांत वेगळा होतो, वापरण्याआधी नीट हलवा. हलवूनही गुठळ्या राहिल्या तर ती बाटली संपली असं समजा.